थंडी पडली नाही म्हणून बदकं आली नाहीत का?

वाचकांचे प्रश्न : हवामान, पक्षी आणि जंगल

या वेळी नागपूर आणि आसपासच्या वाचकांनी हवामान आणि प्राण्या-पक्ष्यांच्या ये-जा करण्याबद्दल विचारलं आहे. पहिल्या उत्तराला जागा जास्त लागली, कारण पुढच्या बऱ्याच प्रश्नांचं मूळ तिथेच आहे.

प्रश्न : डिसेंबर अर्धा सरला तरी नागपुरात स्वेटर बाहेर निघालेलं नाही. फुटाळा आणि अंबाझरीवर बदकं दिसत नाहीत. थंडी पडली की येतील का? (धरमपेठेतील वाचक)

थंडीची वाट पाहू नका. नागपूरच्या थंडीशी या पाहुण्यांचा फारसा संबंध नाही. तलवार बदक, थापट्या, मोठी लालसरी हे पक्षी मध्य आशिया, सायबेरिया या भागांतून निघतात. निघण्याची तयारी कधी सुरू करायची, हे तिथला दिवस लहान होऊ लागला की ठरतं. दिवसाची लांबी बदलली की शरीरातली संप्रेरकं बदलतात, भूक वाढते आणि चरबी साठू लागते. दिवसाची लांबी दरवर्षी त्याच तारखेला तेवढीच असते, त्यामुळे हे वेळापत्रक सहसा चुकत नाही. हवामान त्यात काही दिवसांचा फरक पाडतं. तिकडची तळी लवकर गोठली तर मुक्काम लवकर हलतो, वारा समोरून असला तर अडतो. आपल्याकडचा पारा १० अंशांवर आहे की १६ वर, हे त्या बदकाला तिथे बसून कळायचा मार्गच नाही.

पुरावा हवा असेल तर ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरमध्ये नाल्याकाठी बघा. करडा धोबी आणि तुतवार तोवर आलेले असतात आणि आपण अजून छत्री घेऊन फिरत असतो. भोरड्यांचे थवेही पावसाळा संपायच्या आतच दिसू लागतात.

मग फुटाळ्यावर बदकं का नाहीत? पाणी किती खोल आहे ते बघा. तलवार बदक किंवा थापट्या बुडी मारत नाहीत. डोकं खाली, शेपटी वर अशा अवस्थेत मान जेवढी पोचेल तेवढ्याच खोलीतलं खाणं त्यांना मिळतं. म्हणजे पाणी साधारण आपल्या पोटरीइतकं, ३०-४० सेंटिमीटर हवं. चिखल्या, तुतवार या मंडळींना ५ ते १० सेंटिमीटर पाणी आणि शेजारी उघडा चिखल लागतो. लालसरी बुडी मारते, तिला एक ते तीन मीटर खोलीही चालते. पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळला की तलाव डिसेंबरातही काठोकाठ असतात. शहरातल्या तलावांना बहुतेक बाजूंनी दगडी पिचिंग (उतारावर बसवलेले दगड) किंवा भिंत, म्हणजे उथळ काठच नाही. त्यात जलपर्णी पसरली असेल तर उरलेलं पाणीही झाकलं जातं. काठावरचे दिवे, गर्दी आणि मोकाट कुत्री हा वेगळाच विषय.

अशा वर्षी पक्षी येतात, पण विखुरतात. भंडारा-गोंदियाकडचे मामा (माजी मालगुजारी) तलाव, धानाच्या बांध्यांजवळच्या बोड्या म्हणजे लहान तळी, शिंगाड्याची तळी, सगळीकडे थोडे थोडे. गहू-हरभऱ्याला पाणी सुरू झालं, तलाव उतरू लागले आणि चिखलाचा पट्टा उघडा पडला की ते एकत्र येतात. नागपूरकरांनी अशा वेळी उमरेड बाजूला पारडगाव, सायकी, नाहीतर वेणा जलाशयाकडे जावं. सूर्योदयाला पोचा आणि नऊपर्यंत आटपा. कितीतरी बदकं रात्री चरतात आणि दिवसा तलावाच्या मधोमध झोपलेली असतात. काठावरून ती काळी रेघ दिसते आणि ८×४२ च्या, म्हणजे आठ पट दाखवणाऱ्या दुर्बिणीला ती ओळखू येत नाही. तिवईवरची २० ते ६० पट दाखवणारी दुर्बीण सोबत असलेला कुणी मित्र गाठा.

एक तलाव एका वर्षी रिकामा दिसला म्हणून संख्या घटली असं लिहू नका. त्यासाठी त्या भागातले सगळे तलाव एकाच आठवड्यात, अनेक वर्षं मोजावे लागतात. जानेवारीतली पाणपक्षी गणना त्याचसाठी असते.

प्रश्न : हवामान पाहून ‘उद्या सकाळी नवे पक्षी दिसतील’ असं सांगता येतं का? (हिंगणा रोडवरील वाचक)

बऱ्यापैकी सांगता येतं, पण आधी एक हिशेब समजून घ्या. लहान पक्ष्याचा स्वतःचा वेग ताशी ४० किलोमीटर धरा. मागून ताशी २० चा वारा मिळाला तर जमिनीवरून तो ६० ने सरकतो आणि ३०० किलोमीटर पाच तासांत कापतो. तोच वारा समोरून असेल तर वेग २० वर येतो आणि त्याच अंतराला पंधरा तास लागतात. एका रात्रीत ते बसत नाही आणि चरबीही संपते. म्हणून पक्षी थांबतो. वटवट्या, माशीमार, बरीचशी बदकं रात्रीच उडतात. रात्री हवा गार आणि स्थिर असते, शिकारी ससाणे झोपलेले असतात आणि दिवसा खायला वेळ मिळतो.

आता बघायचं कसं? गच्चीवरच्या वाऱ्यावर विसंबू नका, रात्री जमिनीलगत तो पडलेला असतो. ‘विंडी’सारख्या अॅपवर उंची बदलून ७५० आणि १५०० मीटरचा वारा बघा. काही ठिकाणी तोच ९२५ आणि ८५० हेक्टापास्कल (हवेच्या दाबाचं एकक) म्हणून दिलेला असतो. वेळ रात्री आठ ते पहाटे चार अशी निवडा. इथे हमखास गडबड होते ती दिशेची. ‘उत्तरेचा वारा’ म्हणजे उत्तरेकडून येणारा, आणि नकाशावरच्या रेषा मात्र तो जिकडे जातोय तिकडे सरकताना दिसतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्याला उत्तर किंवा वायव्येकडून येणारा वारा हवा, मार्च-एप्रिलमध्ये परतीसाठी दक्षिणेकडून येणारा.

बंगालच्या उपसागरात वादळ किंवा कमी दाबाचं क्षेत्र असलं की विदर्भात पूर्वेचे वारे आणि ढग येतात, आणि उत्तरेकडून येणारी वाहतूक मंदावते. ते सरून आकाश मोकळं झालं आणि वारा उत्तरेकडे फिरला की अडकलेले पक्षी एकदम निघतात. हिवाळ्यात पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून उत्तर भारतावर येणारी ढग-पावसाची प्रणाली, पुढे सरकल्यावरही असंच होतं.

पण नवशिक्याची फसगत पुढेच होते. रात्रभर निरभ्र आकाश आणि पाठीमागून छान वारा असेल तर पक्षी नागपूरच्या डोक्यावरून निघून जातात आणि सकाळी गोरेवाड्यात शुकशुकाट असतो. प्रवासाला उत्तम रात्र म्हणजे निरीक्षणाला उत्तम सकाळ, असं नाही. मध्यरात्रीपर्यंत वारा चांगला आणि पहाटे दोन-तीनच्या सुमारास पाऊस किंवा दाट ढग, हा योग साधा. उडते पक्षी जिथे असतील तिथे खाली उतरतात. अशा सकाळी दूर जायची गरज नाही. अंबाझरीचं जैवविविधता उद्यान, महाराजबागेतली झाडं, वस्तीच्या कडेची बाभळीची झुडपं पहिल्या दोन तासांत नीट पाहिली तरी पुरे. दहानंतर पक्षी पानांत शिरतात आणि आवाजही थांबतो.

याच वाचकांनी हवामान खात्याच्या डॉप्लर रडारवर पक्षी दिसतात का, असंही विचारलं आहे. रडारच्या लहरी पक्ष्यांवरून आणि किड्यांवरूनही परततात. अमेरिकेत आणि युरोपात त्यावरून रात्रीच्या स्थलांतराचे अंदाजही देतात. नागपूरच्या रडारची जी चित्रं आपण बघतो ती मात्र पावसासाठी असतात, त्यांत पक्षी शोधत बसू नये.

प्रश्न : जूनच्या सुरुवातीला वादळाच्या रात्री बाल्कनीत हिरव्या पाठीचा, निळसर पंखांचा, बुडाशी लाल रंग असलेला आखूड शेपटीचा पक्षी पडलेला मिळाला. दूध पाजलं, पण सकाळी दगावला. काय चुकलं? (मनीषनगरातील वाचक)

तो नवरंग. हिवाळ्यात दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत राहतो, मेअखेर-जूनमध्ये विणीसाठी मध्य भारतात येतो. येतो रात्री, आणि नेमका त्याच दिवसांत आपल्याकडे मान्सूनपूर्व वादळांचा जोर असतो. ढग खाली आले की पक्षी खालून उडतो, उजेडाकडे खेचला जातो आणि काचेवर आदळतो. दरवर्षी याच सुमारास नागपुरात नवरंग घराघरांत सापडतात, त्यामुळे पुढचं कापून ठेवा.

दूध, पाणी, भात, पोळी काहीही चोचीत घालू नका. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. वरून ओतलेला थेंब सरळ फुप्फुसात जातो आणि धडकेतून वाचलेला पक्षी त्यानेच मरतो. तुमच्याकडे तेच झालं असण्याची शक्यता मोठी आहे.

बुटांचा पुठ्ठ्याचा खोका घ्या. बाजूंना पेन्सिलीच्या जाडीची आठ-दहा भोकं पाडा. तळाशी जुनं सुती कापड दुमडून ठेवा. टर्किश टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात. पक्ष्यावर रुमाल टाकून दोन्ही हातांनी हलकेच उचला. छाती दाबू नका, पक्षी छाती फुगवूनच श्वास घेतो. झाकण लावून खोका अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवा. कुलरचा झोत त्यावर नको आणि दर पाच मिनिटांनी उघडून बघणं तर नकोच. एक-दोन तासांनी आत हालचाल ऐकू आली तर पक्षी सावरतोय. पंख लोंबतोय, मान कलली आहे, एक डोळा मिटलेला आहे किंवा चोचीतून रक्त येतंय असं दिसलं तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा, नाहीतर सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये (जखमी वन्यजीवांच्या उपचार केंद्रात) न्या. घरी पाळायचा विचार मनात आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार तो गुन्हा आहे.

ठीक असेल तर पहाटे किंवा ऊन उतरल्यावर सोडा. भर दुपारी ४४ अंशांत नको. हवेत उडवू नका. नवरंग जमिनीवरच्या पाचोळ्यात चरणारा पक्षी आहे. झुडपाशेजारी खोका आडवा ठेवा, झाकण काढा आणि दूर व्हा. आसपास मांजर नाही ना, हे आधी पाहा. आणि मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य एवढे दिवस तरी रात्री दहानंतर गच्चीवरचे व जिन्यातले दिवे बंद ठेवा. मोठ्या काचेवर बाहेरच्या बाजूने दर पाच सेंटिमीटरला ठिपके चिकटवा. एखादं ससाण्याचं चित्र लावून काही होत नाही, पक्षी त्याच्या बाजूच्या मोकळ्या काचेवर आदळतो.

प्रश्न : गारपिटीनंतर झाडाखाली मेलेल्या पोपटांचा आणि बगळ्यांचा खच पडतो. वाचवता येतं का? (काटोलचे शेतकरी)

पश्चिमी झंझावात आणि बंगालच्या उपसागराकडून येणारी दमट हवा फेब्रुवारी ते एप्रिल या काळात विदर्भावर भेटली की गारा पडतात, त्याही बहुधा दुपार कलल्यावर. नेमकी तीच पक्ष्यांची रातथाऱ्यावर, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाच्या झाडांवर, जमायची वेळ असते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर झालेल्या गारपिटीत पिकांबरोबर असंख्य पक्षी मेले ते म्हणूनच. माराने मरतात तसे ओल्याने गारठूनही मरतात, आणि वाचवता येतात ते हे दुसरे. अंग टिपून खोक्यात ठेवा. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून एकाच बाजूला ठेवा, म्हणजे ऊब जास्त वाटली तर त्याला सरकता येईल. बगळा उचलताना डोळे सांभाळा, तो थेट डोळ्यांवर चोच मारतो. मेलेले पक्षी उघड्या हाताने गोळा करू नका. पशुसंवर्धन विभागाला कळवा. गारांनीच मेले की बर्ड फ्लूने, हे त्यांनाच तपासू द्या.

प्रश्न : मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस झाला की पेंचमध्ये वाघ दिसत नाही म्हणतात. सफारीचे पैसे वाया जातात का? (सदरमधील वाचक)

गाइड मंडळी सांगतात ते खरं आहे. उन्हाळ्यात वाघ दिसतो तो पाण्यामुळे. नाले आटतात, जंगलात मोजके पाणवठे उरतात, चितळ आणि गवा रोज तिथे येतात आणि वाघ तिथेच ठाण मांडतो. उकाड्यात तो तासन्‌तास पाण्यात बसून राहतो. एक दमदार सर आली की खडकांतले खळगे आणि नाल्यांचे डोह पुन्हा भरतात, पाणवठ्याला यायची सक्ती संपते. सात-आठ दिवसांत कोवळं गवत फुटलं की चितळांचे कळप आणखी पांगतात. पाऊस झाल्यावर लगेच जायचंच असेल तर पाणवठ्यापाशी गाडी लावून बसण्यापेक्षा ओल्या रस्त्यांवरचे ताजे पंजे आणि चितळांचे धोक्याचे आवाज यांवर भर द्या. वाघालाही चिखलापेक्षा रस्ता बरा वाटतो.

पेंचचं एक वैशिष्ट्य आहे. तोतलाडोह धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरतं आणि बुडीत जमिनीवर हिरवं गवत येतं. बाकी जंगल करपलेलं असताना ही पट्टी हिरवी राहते आणि चितळांची तिथे गर्दी होते. धरणात पाणी जास्त राहिलं त्या वर्षी ही पट्टी उशिरा आणि अरुंद उघडते. सफारीची तारीख ठरवताना आपण पारा बघतो, धरणाची पातळी कोणी बघत नाही.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून होणाऱ्या मोजणीलाही हाच नियम लागू. आदल्या आठवड्यात पाऊस झाला की आकडे पडतात. जनावरं कमी झाली असा त्याचा अर्थ नाही, ती तहानलेली नव्हती एवढंच. वाघांचा खरा अंदाज २००६ पासून दर चार वर्षांनी देशभर होतो. त्यात कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावून पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखतात.

प्रश्न : मोह वेचायच्या दिवसांतच वाघ-अस्वलाचे हल्ले का वाढतात? (उमरेड)

मोहफुलं पहाटे गळतात. अस्वल, चितळ, रानडुक्कर आणि माणूस एकाच वेळी एकाच झाडाखाली येतात. मागोमाग तेंदूपत्त्याचा हंगाम. पाणी कमी असल्याने वाघही नाल्याकाठच्या सावलीतच असतो. वाकून वेचणारा माणूस लांबून चौपायासारखा दिसतो. उजाडल्याशिवाय जाऊ नये, चार-पाच जणांनी बोलत-आवाज करत जावं, एकाने वेचू नये, फक्त लक्ष ठेवावं. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, त्यातून वणवा लागतो आणि जनावरं गावाकडे सरकतात. पाला झाडून काढा किंवा जाळी अंथरा.

प्रश्न : २०२० सारखी टोळधाड पुन्हा येईल का? (नरखेड)

वाळवंटी टोळ स्वतःहून विदर्भ निवडत नाहीत, वारा नेतो तिकडे जातात. २०१८ च्या मेमध्ये ‘मेकुनु’ आणि ऑक्टोबरमध्ये ‘लुबान’ या चक्रीवादळांनी अरबस्तानच्या वाळवंटात पाऊस पाडला. ओल्या वाळूत टोळांच्या पिढ्या वाढल्या आणि पुढे आफ्रिका, इराण, पाकिस्तानात पसरल्या. मे २०२० मध्ये राजस्थानात हिरवळ नव्हती आणि पश्चिमेचे वारे जोरात होते, म्हणून थवे मध्य प्रदेशातून काटोल-नरखेडपर्यंत आले. पाऊस सुरू झाल्यावर त्यांना वाळवंटातच अंडी घालायला ओल मिळते, त्यामुळे आपल्याकडचा धोका मुख्यतः मे-जूनचा. टोळ दिवसा उडतात, रात्री झाडांवर बसतात आणि ऊन तापेपर्यंत हलत नाहीत. फवारणी करायची ती रात्री किंवा पहाटेच. डबे वाजवून ते फक्त शेजाऱ्याच्या संत्रीबागेत जातात.

प्रश्न : पट्टकादंब हंस एव्हरेस्टवरून उडतो हे खरं का? (विज्ञान शाखेची विद्यार्थिनी, रामदासपेठ)

यंत्र बसवलेल्या हंसांची सर्वाधिक नोंद ७,२९० मीटरची आहे, म्हणजे एव्हरेस्टच्या बरीच खाली. तीही क्वचित. बहुतेक उड्डाणं त्याहून खालची असतात आणि हंस दऱ्याखोऱ्यांच्या चढ-उतारानुसार वर-खाली होत जातो. वर गेल्यावर उंची राखण्यापेक्षा खाली येऊन पुन्हा चढणं त्याला स्वस्त पडतं, कारण विरळ हवेत पंख जास्त मारावे लागतात. त्यामुळेच तो बहुधा रात्री आणि पहाटे उडतो, तेव्हा हवा गार आणि दाट असते. गरुड-गिधाडांचं उलट. त्यांना तापलेल्या जमिनीवरून उठणारा हवेचा भोवरा लागतो, म्हणून ते नऊ-दहानंतर घिरट्या घालत वर चढतात आणि ढगाळ दिवशी झाडावर बसून राहतात.

प्रश्न : शाळेत नोंदवही सुरू करायची आहे. काय लिहावं? (उमरेड रोडवरील शिक्षक)

एकच तलाव, आठवड्याचा ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि तीच जागा. तारीख, किमान तापमान, वाऱ्याची दिशा (तो कुठून येतोय ती), आकाशाच्या आठ भागांपैकी किती ढगांनी झाकलेत ते, आणि मग पक्ष्यांची नावं व संख्या. घाटाच्या पायरीवर किंवा खांबावर दर १० सेंटिमीटरला रंगाने खूण करा आणि पाणी कितव्या खुणेवर आहे ते लिहा. नोंदवह्यांत हा रकाना सहसा नसतो. पक्षी दिसला नाही तर ‘०’ लिहा, जागा कोरी सोडू नका. कोरी जागा म्हणजे पाहिलंच नाही असं धरलं जातं. ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर मराठी नावं निवडता येतात, तिथे यादी भरली तर इतरांच्या नोंदींशी ताडता येते. सुरुवात ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहाची वाट न पाहता ऑगस्टमध्येच करा, म्हणजे धोब्यांच्या येण्याची तारीख हुकणार नाही.